रात्री दहाला जेवलं म्हणून वजन वाढतं हे मला पटत नाही, तुमचं मत सांगा

नवीपेठ_कापडवाला
वजन कमी करायचं म्हटलं की जो तो एकच सांगतो, संध्याकाळी सातनंतर तोंड बंद. आता सोलापुरात नवी पेठेतलं दुकान म्हटल्यावर शटर ओढून, गल्ला मोजून घरी पोचायला दहा वाजतात, सात वाजता तर गिऱ्हाईक ऐन भरात असतं आणि लग्नसराईत पाणी प्यायला फुरसत नसते, तेव्हा डबा उघडून कोण बसणार. माझं स्पष्ट मत आहे, पोट घड्याळ बघत नाही, किती गेलं ते बघतं. हे हवेतलं बोलत नाहीये. चीनमध्ये ग्वांगझूला 139 लठ्ठ लोकांवर वर्षभराचा अभ्यास झाला, 2022 ला छापून आला. कमी खाणं सगळ्यांना सारखंच, फक्त एका गटाला सकाळी 8 ते दुपारी 4 एवढ्यातच खायचं बंधन. वर्षअखेर बंधनवाल्यांचं सरासरी 8 किलो उतरलं, बाकीच्यांचं 6.3, आणि हा फरक ठोस धरता येण्याइतका नाही असं करणाऱ्यांनीच लिहिलं. मग दहाला दोन भाकरी, वरण, मेथीची भाजी खाणाऱ्या माणसाला अपराधी का वाटायला लावता? सात वाजता जेवा हा सल्ला पाचला ऑफिस सुटणाऱ्यांनी पाचला ऑफिस सुटणाऱ्यांसाठी काढलाय.

नीलम_बाळीवेस
नाही पटलं दादा. आमच्याकडे चौविहार पाळतात, सूर्य मावळला की पाणीसुद्धा नाही. आमच्या सासूबाई सत्तरीच्या पुढे आहेत, अंग अजून हलकं. मी धर्माचं सांगत नाहीये, रोजचा अनुभव सांगतेय. रात्रीचं जेवण वाईट नसेलही, पण रात्री जेवणारा माणूस जेवणावर थांबतो का? टीव्ही लागतो, मग कोण शेंगापोळीवर तूप घेऊन बसतं, कोण फरसाण. एकदा दार लावलं की लावलं, त्यात मोजमाप करायची गरजच पडत नाही. आणि 8 आणि 6.3 मध्ये पावणेदोन किलोचा फरक आहे, तो तुम्ही असाच सोडून दिला.

नवीपेठ_कापडवाला
ताई सोडला नाही, एवढ्या माणसांत तेवढा फरक योगायोगानेही पडू शकतो असा त्याचा अर्थ. आणि तुम्ही जे म्हणताय ते टीव्हीपुढच्या खाण्याबद्दल आहे, जेवणाबद्दल नाही. दोन्हीला एकाच दावणीला बांधू नका एवढंच म्हणणं आहे.

रात्रपाळी_सिस्टर
मी नर्स आहे, वेळेला काहीच महत्त्व नाही हे मी ऐकून घेणार नाही. शरीरातल्या घड्याळाचं काम उलगडणाऱ्या तिघांना 2017 चं नोबेल मिळालंय, ती काय भाकडकथा नाही. तेवढाच भात दुपारी खाल्ला आणि रात्री उशिरा खाल्ला तर रात्री साखर जास्त चढते, कारण इन्सुलिनचं काम संध्याकाळनंतर मंदावतं. बोस्टनला 2022 मध्ये 16 जाडसर माणसांवर प्रयोग झाला, अन्न तेच, तेवढंच, फक्त चारेक तास उशिरा. भूक जास्त लागली, पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन कमी झालं, शरीर जाळतंय ते पण कमी. माणसं थोडी आहेत मान्य, पण खाणं, झोपणं सगळं डोळ्यासमोर होतं. वॉर्डात रात्री दोनला चहा-बिस्किटावर काढणाऱ्या आम्ही सगळ्याजणी बघा, पोट सुटलेलंच आहे.

धोटा
सिस्टर, मग आम्ही काय करायचं ते पण सांगा की. पावरलूमवर बारा तासाची पाळी, रात्री आठला सुटलो की अंग धुवून बसेपर्यंत नऊ साडेनऊ. मालक सातला जेवायला सोडणार आहे का? घड्याळाचं शास्त्र खरं असेल पण घड्याळ आमच्या हातात नाही. त्यात पाणी चार-पाच दिवसाआड आणि ते पण रात्री, नळाला मोटर लावून बारा-एकपर्यंत जागायचं, घागरी-बॅरल भरता भरता पोटात कावळे ओरडतात आणि खारी-चहा होतोच. झोप कमी झाली की दुसऱ्या दिवशी पण सारखं खाखा सुटतं हे मी स्वतःवर बघितलंय.

विडीघरकुल
मला वाटतं दोन्ही बाजू रात्रीवर भांडताय आणि दिवसाकडे कोणी बघत नाही. माझी आई विड्या वळते. सकाळी मांडीवर सूप घेतलं की त्यात तंबाखू, बाजूला ओल्या फडक्यात कापलेली पानं, हजार विडी पुरी करायच्या नादात दुपारचं जेवण म्हणजे दोन कप चहा आणि पाव, हात तंबाखूचे म्हणून भाकरी मोडायचा पण कंटाळा. मग रात्री कारखान्यात माल देऊन आली की जी बसते ती चार भाकरी आणि भाताचा डोंगर. तिला डॉक्टर म्हणाले रात्रीचं बंद करा. अहो रात्रीचं बंद केलं तर ती खाणार कधी? दिवसभर उपाशी ठेवलेलं माणूस रात्री तुटून पडणारच. आम्ही रात्रीचं काही बंद केलं नाही, दुपारी बाराला तिच्या हातातली कात्री काढून घेतो आणि पिठलं-भाकरी वाढतो, तेव्हापासून रात्री आपोआप दोन भाकरीवर आली. इस्रायलमध्ये 2013 ला 93 बायकांवर झालेल्या अभ्यासात पण तेच, सगळ्यांना दिवसाला 1400 कॅलरी, ज्यांनी त्यातल्या 700 नाश्त्याला खाल्ल्या त्यांचं वजन रात्री 700 खाणाऱ्यांपेक्षा बरंच जास्त उतरलं.

नवीपेठ_कापडवाला
इस्रायलचंच घ्यायचं तर 2011 चा पण घ्या, तिथल्या 78 पोलिसांवर सहा महिने. ज्यांनी भात-ब्रेडसारखं बहुतेक रात्रीच्या जेवणात खाल्लं त्यांचंच वजन थोडं जास्त उतरलं आणि भूक पण कमी लागली. म्हणजे दोन्हीकडून पुरावा आहे. पण विडीघरकुल ताईंचं दुपारचं म्हणणं मला पटलं, दुकानातल्या आम्हा लोकांचं पण तेच होतं, दुपारी वडापाव आणि रात्री सगळी वसुली.
आता खरा चोर सांगतो, शेंगाची चटणी. दाण्याच्या 100 ग्रॅमला साधारण 570 कॅलरी. रात्री ओट्यापाशी उभं राहून बरणीतनं तीन मोठे चमचे चटणी ताटात, वर कच्च्या तेलाची धार, एवढ्यातच जवळपास दोन भाकऱ्या होतात आणि ते कोणी जेवणात धरत नाही.

नीलम_बाळीवेस
चटणीला हात लावू नका हो 🙏 पण हेच तर मी म्हणतेय, ओट्यापाशी उभं राहून खाणं रात्रीच होतं, सकाळी दहाला कोणी बरणी उघडत नाही. सातला जमत नसेल तर दहाच्या जेवणानंतर तरी कुलूप लावा की.

रात्रपाळी_सिस्टर
धोटा भाऊ, तुम्ही विचारलं म्हणून. पाळीच्या मध्ये सहाच्या सुमाराला चहाऐवजी एक भाकरी-भाजी खाऊन घ्या, मशीन शेजाऱ्याला बघायला सांगून दहा मिनिटं मिळतात. घरी नऊला अर्धंच जेवण, आणि लगेच आडवं न होता पंधरा-वीस मिनिटं चाला, जेवणानंतर चाललं की साखर कमी चढते. उन्हाळ्यात तसंही कंबर तलावाला लोक रात्रीच फिरतात. आणि एक कळकळीने सांगते, शुगरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल त्यांनी हे वाचून रात्रीचं जेवण परस्पर बंद करू नका, पहाटे साखर एकदम खाली जाऊन घामाघूम झालेले पेशंट आमच्याकडे येतात. आधी डॉक्टरला विचारा. कापडवाले दादा, वेळेबद्दल माझं मत तेच आहे, जमेल तेवढं अलीकडे आणाच.

धोटा
सहाला भाकरी जमेल. डबा दोन खणाचा करून घेतो, सोमवारपासून.