ईएमटी व्हायचंय, तीन महिन्यांचा कोर्स चालेल का?

जांबोटीची पोर

नमस्कार. मी खानापूर तालुक्यातली, जांबोटीच्या पुढं आमचं गाव. यंदा सेकंड पीयूसी, म्हणजे बारावी सायन्स झाले, ७१ टक्के. नीटचं काय झालं ते विचारू नका.

गेल्या पावसाळ्यात काकीला कळा सुरू झाल्या, १०८ ची गाडी आली, पण खानापूर येईपर्यंत दम निघाला नाही. वाटेत गाडी बाजूला घेतली आणि आतच बाळंत झाली. मी उशाला होते. गाडीतल्या ताईनं बाळ टॉवेलनं खसाखसा पुसलं, पाठ चोळली. ते रडेना. काकी घाबरून गेली, ताई मात्र ओठांतल्या ओठांत आकडे मोजत होती. मग रडलं एकदाचं. तेव्हापासून मला हेच ईएमटीचं, म्हणजे ॲम्ब्युलन्समध्ये पेशंटला सांभाळायचं काम करायचं आहे.

बेळगावात एका इन्स्टिट्यूटमध्ये चौकशी केली. ‘इंटरनॅशनल ईएमटी सर्टिफिकेट’, तीन महिने, ४५ हजार फी. वर बीएलएसचं (बेसिक लाइफ सपोर्ट, म्हणजे छाती दाबून जीव वाचवायचं शिक्षण) कार्ड फुकट, शंभर टक्के नोकरी म्हणतात. बाबा काजूचे पैसे आले की भरतो म्हणाले. पण बेसिक, ॲडव्हान्स्ड, पॅरामेडिक, लेव्हल ४, लेव्हल ५ असलं इतकं ऐकलं की डोकं फिरलं. यात खरं कुठलं? आणि माझं कन्नड जेमतेम आहे, चालेल का?

गाडीवरचा मामा, निपाणी

पोरी, माझी थोरली तुझ्याच वयाची, म्हणून एकेरी लिहितो, राग मानू नको. कर्नाटकात १०८ सुरू झाली १ नोव्हेंबर २००८ ला, मी २००९ मध्ये गाडीवर चढलो. स्ट्रेचर उचलून उचलून कंबर गेली, आता नव्या पोरांना शिकवतो.

पैसे भरू नको. आता का ते सांगतो.

आधी त्या ‘इंटरनॅशनल’चा निकाल लावू. अमेरिकेत ईएमटींची राष्ट्रीय नोंदणी करणारी संस्था १९७० पासून आहे. तिच्या खालून वर चार पायऱ्या: ईएमआर (आधी पोचून प्राथमिक मदत करणारा), ईएमटी, एईएमटी (ॲडव्हान्स्ड ईएमटी) आणि पॅरामेडिक. परीक्षेला बसायचं तर तिथल्या राज्यानं मान्य केलेला कोर्स लागतो, आणि पास झालं तरी दर दोन वर्षांनी नोंदणी नवी करावी लागते. बेळगावात छापलेल्या कागदावर गरुड काढला म्हणून त्याचं ते कार्ड होत नाही.

पण त्या चार पायऱ्या नीट समजून घे. पुस्तकातून नको, तवंदी घाटातून घे.

उसाचा हंगाम, रात्रीचे दोन. ट्रॉलीला मागं ना दिवा ना रिफ्लेक्टर, बाइक मागून घुसलेली. दोघं पडलेले. माझ्याबरोबर नवा पोरगा होता, असल्याच कुठल्यातरी तीन महिन्यांच्या कोर्सातून आलेला. मी मांडी फुटलेल्याकडं गेलो, कारण तो ओरडत होता. ती माझीही चूकच. ओरडणाऱ्याचा श्वास तरी चालू असतो, गप्प पडलेल्याकडं आधी बघायचं. तेवढ्यात पोरगा म्हणतो, “मामा, हा बरा आहे, झोपलाय. घोरतोय बघा.”

घोरतोय! डोक्याला मार बसलेला माणूस रस्त्यावर घोरतो तेव्हा तो झोपलेला नसतो. बेशुद्धीत जीभ मागं पडून हवेची वाट अडते, तिचा तो आवाज. मी डोक्याशी गुडघे टेकले, दोन्हीकडून जबड्याच्या कोनामागं बोटं घातली आणि जबडा पुढं उचलला, मान जराही न हलवता. घोरणं बंद. छाती नीट वरखाली व्हायला लागली.

आता हीच हवेची वाट धर आणि शिडी चढ. मी हातानं जे केलं तेवढं ईएमआरला यायलाच पाहिजे. ईएमटी सक्शननं रक्त-लाळ ओढून काढतो, तोंडात वाकडी नळी ठेवतो (ओठाच्या कोपऱ्यापासून जबड्याच्या कोनापर्यंत मापून घ्यायची, अंदाजानं नाही), अंबू बॅगनं, म्हणजे हातानं दाबायच्या फुग्यासारख्या पिशवीनं श्वास देतो. एईएमटी घशात स्वरयंत्राच्या वर बसणारी नळी घालू शकतो, शिरेत सुई लावतो, मोजकी औषधं देतो. थेट श्वासनलिकेत ट्यूब घालणं, मॉनिटरवर ईसीजी वाचून त्याप्रमाणं औषध देणं हे पॅरामेडिकचं काम. लेव्हल म्हणजे हुशारीचे मार्क नव्हेत. तुझ्या हाताला काय करायची परवानगी आहे, ते लेव्हल सांगते.

आपल्याकडं कामाच्या प्रशिक्षणाचे दर्जे ठरवणाऱ्या स्किल कौन्सिलच्या दोन पायऱ्या आहेत, ईएमटी बेसिक ही लेव्हल ४ आणि ॲडव्हान्स्ड ही लेव्हल ५. तू ऐकलंस ते हे. शिवाय डिप्लोमा आणि पदवी वेगळी. गाडीवर असताना अडलं की कॉल सेंटरमधल्या डॉक्टरांना फोन लावायचा, ते सांगतील तसं करायचं, आणि ते सगळं वेळेसकट कागदावर लिहायचं. गाडीलाही लेव्हल असते बरं का. बीएलएस म्हणजे साधी, एएलएस म्हणजे व्हेंटिलेटर वगैरे असलेली ॲडव्हान्स्ड. ज्या गाडीत व्हेंटिलेटर नाही तिच्यात तुझं ॲडव्हान्स्ड सर्टिफिकेट घेऊन काय करणार?

आता हिशेब. अलाइड आणि हेल्थकेअर व्यावसायिकांचा, म्हणजे डॉक्टर-नर्स सोडून उपचारात हातभार लावणाऱ्या तंत्रज्ञ वगैरेंचा, केंद्राचा कायदा २०२१ मध्ये झाला, इमर्जन्सी मेडिकलवाले त्यात येतात. त्यात अलाइड हेल्थ व्यावसायिकाच्या शिक्षणाला किमान २००० तास म्हटलंय, दोन ते चार वर्षांत पसरलेले. तुझे तीन महिने धर, एकही रविवार न सोडता रोज आठ तास: ९० गुणिले ८, ७२० तास. उरलेले १२८० कुठनं आणणार?

आणि बीएलएस कार्डाचं म्हणशील तर तो एका दिवसाचा कोर्स असतो. छाती दाबायची मिनिटाला १०० ते १२० वेळा, ५ ते ६ सेंटिमीटर खोल, ३० दाबांमागं २ श्वास. घरातल्या प्रत्येकाला यावं असं शिक्षण आहे, पण त्यावर नोकरी नाही. दोन वर्षांनी कार्ड संपतं.

कन्नड जेमतेम असलं तरी सुरुवात होते. “एल्ली नोवु?” म्हणजे कुठं दुखतंय, आणि उसिरु म्हणजे श्वास, एवढ्यावर मी पहिले सहा महिने काढले. पुढं पेशंटच शिकवतात.

कोल्हापूरचा पाव्हणा

एक सांगू का, हद्द ओलांडून इकडं नोकरी बघायचा विचार असेल तर जरा थांबा. महाराष्ट्रातली १०८ सुरू झाली २०१४ मध्ये, आणि तिच्यात डॉक्टर असतात, बरेचसे बीएएमएस. कर्नाटकात जी खुर्ची ईएमटीची, ती इकडं डॉक्टरची. माझा मावसभाऊ सर्टिफिकेट घेऊन कागलपासून साताऱ्यापर्यंत फिरला, शेवटी खासगी हॉस्पिटलच्या गाडीवर लागला.

गाडीवरचा मामा, निपाणी

बरोबर आहे पाव्हणं. हद्दीवरनं आठवलं. नंबर दोन्हीकडं १०८ च. कोगनोळी टोलजवळ उभं राहून फोन केला की कधी इकडं लागतो, कधी तिकडं, ते टॉवरवर. म्हणून फोनवर नुसतं ‘टोलनाक्याजवळ’ म्हणू नका. कुठला तालुका, कुठलं राज्य, पुण्याकडं जाणारी बाजू की बेंगळुरूकडं जाणारी, ते आधी सांगा.

कॅज्युअल्टीतली सिस्टर, बेळगाव

मामांनी बहुतेक सगळं सांगितलंय. मी दाराच्या आतल्या बाजूनं बोलते. गाडी आली की पहिल्या अर्ध्या मिनिटात कळतं ईएमटी शिकलेला आहे का. शिकलेला सांगतो: अमुक वाजता अपघात, सापडला तेव्हा हाकेला ओ देत नव्हता, चिमटा काढल्यावर हात हलवला, श्वास २८, बीपी इतकं, ऑक्सिजन इतक्या वाजता लावला. न शिकलेला म्हणतो, “सिस्टर, सिरियस आहे.” सिरियस आहे ते मलाही दिसतंय की.

ताई, तुझे ७१ टक्के आहेत, सायन्स आहे. बी.एस्सी.ला इमर्जन्सी अँड ट्रॉमा केअर हा विषय असतो, शेवटी इंटर्नशिप. डिप्लोमा करायचा तर त्यांना थेट विचार, पॅरामेडिकल बोर्डाची संलग्नता आहे का, आणि आहे तर पत्र दाखवा. दुसरं विचार, कॅज्युअल्टीत किती तास उभं करणार, आणि कुठल्या हॉस्पिटलात. पुतळ्यावर सीपीआर करून घाम येतो, तेवढाच. आमच्याकडं रात्रपाळीला चार पोरं उभी राहतात, त्यांतली दोन पहिलं रक्त बघून बाहेर जाऊन बसतात. त्यात लाज नाही, पण ते ४५ हजार भरायच्या आधी कळलेलं बरं.

जांबोटीची पोर

मामा, सिस्टर, पाव्हणं, सगळ्यांचे आभार. काल बाबांना घेऊन परत गेले होते. बोर्डाचं पत्र दाखवा म्हटल्यावर काउंटरवरच्या सरांनी आधी चहा मागवला. मग म्हणाले, मोठे सर बेंगळुरूला गेलेत, फाईल त्यांच्या कपाटात आहे. कॅज्युअल्टीचे तास विचारले तर म्हणाले, व्हिडिओ दाखवतो. बाबा चहा न पिताच उठले. आता पदवीच्या प्रवेशाचं बघतेय. काजूचे पैसे पहिल्या वर्षाला पुरतील असं दिसतंय.

आणि मामा, तुम्ही लिहिलं तसं धाकट्या भावाचा जबडा उचलून बघितला. नंतर मापासाठी चमच्याचा दांडा ओठाला लावला तर कार्टं चावलं.

गाडीवरचा मामा, निपाणी

चावलं म्हणजे शुद्धीत आहे. शुद्धीतल्या माणसाच्या तोंडात नळी घालायची नाही, उलटी होते. चमचा धुऊन ठेव.