शब्दचर्चा : चंद्रावरचे दगड, 'सागर' आणि 'ज्वालामुखी'

प्रश्न

चंद्रावरून आणलेल्या नमुन्यांवर काम करणाऱ्या एका भूरसायनशास्त्रज्ञ बाईंच्या संशोधनाची ओळख करून देणारा लेख मी पुण्यातील एका विज्ञानमंडळासाठी लिहीत आहे आणि तीन शब्दांपाशी अडले आहे. 'लूनर रॉक'साठी खडक लिहावे की दगड? 'प्लॅनेटरी व्होल्कॅनिझम'ला 'ग्रहीय ज्वालामुखी क्रिया' म्हटलेले चालेल का? आणि जिचे सारे संशोधन चंद्राविषयी आहे, तिला 'भू'रसायनशास्त्रज्ञ म्हणणे कितपत योग्य ठरते?

पहिला प्रतिसाद

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आपल्या बोलण्यातच आहे. जमिनीशी एकसंध असतो तो खडक, आणि सुटा होऊन हाती येतो तो दगड. विहीर खणताना 'खडक लागला' असे आपण म्हणतो, बांध घालताना मात्र दगड रचतो. हा भेद चंद्राच्या बाबतीत फार उपयोगी पडतो. अपोलोच्या सहा मोहिमांनी १९६९ ते १९७२ या काळात सुमारे ३८२ किलो नमुने आणले. ते बहुतांशी पृष्ठभागावर सुटे पडलेले दगड आणि माती अशा स्वरूपाचे आहेत. अब्जावधी वर्षे अशनींचा मारा होत राहिल्यामुळे तिथला एखादा तुकडा फार दूरवरून उडून आलेला असू शकतो, आणि त्यामुळे हा दगड कोणत्या खडकाचा, हे शोधून काढणे हा भूरसायनशास्त्रज्ञाच्या कामाचा मोठा भाग असतो. म्हणून हाती घेतलेल्या वस्तूला दगड म्हणावे आणि प्रकाराला खडक. 'हा दगड बेसॉल्ट खडकाचा आहे' या वाक्यात दोन्ही शब्द आपापल्या जागी बसतात. (बेसॉल्ट म्हणजे लाव्हा थिजून झालेला काळसर खडक.)

विशेषण 'चांद्र' असावे. चांद्रमास आणि चांद्रवर्ष पंचांगातून घरोघरी पोचलेले आहेत, आणि मराठी वृत्तपत्रेही 'चांद्रयान' असेच छापतात.

माझी खरी हरकत 'ज्वालामुखी' या शब्दाला आहे. हा शब्द ऐकताच मराठी वाचकाच्या डोळ्यांपुढे शंकूसारखा डोंगर, त्याचे उघडे तोंड आणि त्यातून निघणारे लोळ उभे राहतात. चंद्रावरच्या बेसॉल्टची हकीकत बहुतांशी अशी नाही. पातळ लाव्हा लांबलचक भेगांतून वर आला, सखल भागांत पसरला आणि थरावर थर साचत गेले. याची कल्पना येण्यासाठी पुणेकराला दूर जाण्याची गरज नाही. सिंहगडाच्या उतारावरचे पायऱ्यांसारखे थर सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी असेच एकामागून एक पसरलेले आहेत, आणि पाताळेश्वराचे लेणे ज्या कातळात कोरले आहे तो कातळही त्याच लाव्ह्याचा. सिंहगड हा ज्वालामुखी होता असे सांगणारी माणसे आजही भेटतात, आणि त्या गैरसमजामागे मला हा शब्दच दिसतो. शिवाय ज्वाळेला ऑक्सिजन लागतो आणि चंद्राला तर वातावरणच नाही. कांगड्याच्या ज्वालामुखी देवीच्या स्थानी खरोखरच ज्वाळा आहे, कारण तिथे कपारीतून निघणारा नैसर्गिक वायू जळतो. तिथे लाव्ह्याचा मात्र मागमूस नाही.

त्यामुळे डोंगराचे नाव म्हणून 'ज्वालामुखी' राहू द्यावे, पण प्रक्रियेसाठी 'लाव्ह्याचे उद्गिरण' किंवा सरळ 'शिलारस पृष्ठभागावर येणे' असे लिहावे. खाली आहे तोवर शिलारस आणि बाहेर आला की लाव्हा, हा भेदही लेखात पाळावा.

दुसरा प्रतिसाद

वरील मताशी मी पूर्णपणे सहमत नाही. शब्दाची फोड करून त्याचा अर्थ ठरवता येत नाही, कारण रूढी त्याला पुढे नेत असते. शनीच्या एन्सेलॅडस या उपग्रहातून बर्फाचे कण आणि वाफ उसळते, तिला 'हिमज्वालामुखी' म्हणतात. हिम आणि ज्वाळा एकत्र नांदूच शकत नाहीत, तरीही वाचकाला अर्थ कळतो. गुरूच्या आयो या उपग्रहावरचे उद्रेक व्हॉयेजर १ ने १९७९ मध्ये टिपले, मंगळावरचा ऑलिंपस मॉन्स भोवतालच्या प्रदेशापेक्षा सुमारे २२ किलोमीटर उंच आहे. या सगळ्यांना कवेत घेणारा, शाळेतल्या मुलालाही कळणारा दुसरा शब्द आपल्याकडे नाही.

आणि चंद्रावर उसळते उद्रेक झालेच नाहीत, असेही नाही. डिसेंबर १९७२ मध्ये अपोलो १७ चे भूवैज्ञानिक हॅरिसन श्मिट यांना शॉर्टी विवराच्या काठावर नारिंगी माती दिसली. ती माती म्हणजे लाव्ह्याच्या कारंज्यातून उडालेल्या थेंबांचे झालेले बारीक काचमणी होते. अशा चांद्र काचमण्यांत पाण्याचा अंश असल्याचे २००८ मध्ये दाखवले गेले आणि चंद्राचे अंतरंग पूर्ण कोरडे आहे, या समजुतीला धक्का बसला. त्या कारंज्याला 'लाव्हा पसरला' एवढेच म्हणणे अपुरे होईल.

पहिल्या प्रतिसादकाचे उत्तर

काचमण्यांचा मुद्दा मला मान्य आहे. तिथे 'उद्रेक' हाच शब्द हवा. एकूण विषयाच्या नावात 'ज्वालामुखी' राहिला तरी माझा आग्रह नाही, मात्र प्रत्येक प्रसंगाचे वर्णन करताना भेग की कारंजे, हे सांगायला हवे.

याहून मोठा घोटाळा 'सागर' या शब्दाने होतो, आणि प्रश्नात तो नसला तरी लेखात येणारच. चंद्रावरच्या काळसर मैदानांना १६५१ मध्ये रिच्चोली या इटालियन खगोलशास्त्रज्ञाने समुद्रांची नावे दिली. त्यांपैकी शांतिसागर आपल्याला अपोलो ११ मुळे माहीत आहे. तिथे पाणी कधीच नव्हते, आहे तो बेसॉल्ट. पण अपोलो ११ ने आणलेल्या मातीत पांढरट ॲनॉर्थोसाइटचे, म्हणजे मुख्यतः फेल्स्पार या हलक्या खनिजाच्या खडकाचे, बारीक तुकडेही सापडले, आणि त्यांवरून असे अनुमान निघाले की आरंभी, म्हणजे साधारण ४५० कोटी वर्षांपूर्वी, चंद्राचा बाहेरचा भाग वितळलेला होता, हलके फेल्स्पार त्यावर तरंगून आले आणि त्याचे कवच झाले. या वितळलेल्या भागाला इंग्रजीत मॅग्माचा, म्हणजे शिलारसाचा, महासागर म्हणतात. मराठीत दोन्हींना 'सागर' म्हटले की वाचकाला शांतिसागर हा त्या आद्य शिलारसाचाच उरलेला भाग वाटतो. प्रत्यक्षात त्या मैदानांचा बेसॉल्ट पुष्कळ नंतरचा आहे. कवच घट्ट झाल्यावर त्याखालचा जाड थर, म्हणजे प्रावरण, पुन्हा अंशतः वितळला आणि तो रस वर आला. त्यातील बराचसा ३०० कोटी वर्षांहून जुना आहे, पण चीनच्या चांग-ए ५ ने २०२० मध्ये आणलेला बेसॉल्ट सुमारे २०० कोटी वर्षांचाच निघाला. इतक्या लहान चंद्रात तोवर उष्णता कशी टिकली, हा प्रश्न त्या एका आकड्याने उभा केला.

म्हणून शांतिसागर हे विशेषनाम तसेच ठेवून सामान्यनाम 'चांद्र मैदान' करावे, आणि मॅग्माच्या महासागरासाठी 'शिलारसाचे आवरण' लिहावे. चांद्रयान-३ च्या प्रज्ञान रोव्हरने २०२३ मध्ये दक्षिण ध्रुवाकडच्या प्रदेशात २३ मोजमापे केली. तिथल्या मातीचे घटकही ॲनॉर्थोसाइटशी जुळणारे निघाले, आणि शिलारसाच्या आवरणाच्या कल्पनेला त्यामुळे पुष्टी मिळाली. हे वाक्य 'सागर' शब्द टाळून लिहिले तर किती स्वच्छ होते, ते पाहावे.

'भू'विषयी मला अडचण दिसत नाही. रंगभूमी आणि युद्धभूमी यांतली भूमी ही पृथ्वी नव्हे, पायाखालची जागा आहे. आधुनिक भूरसायनशास्त्राची घडी बसवणारे गोल्डश्मिट यांनीही मूलद्रव्यांचे प्रमाण ठरवताना अशनींचा आधार घेतला होता. 'ग्रहीय'ही खटकू नये, नवग्रहांत चंद्र आहेच.

प्रश्नकर्तीचा प्रतिसाद

दोघांचेही आभार. एक शब्द राहिला. अपोलो १५ ने आणलेला १५०१६ क्रमांकाचा बेसॉल्टचा दगड वायूच्या बुडबुड्यांनी अक्षरशः चाळणी झालेला आहे. आपल्याकडे विहीर खणणारे अशा खडकाला 'मांजऱ्या' म्हणतात. तो शब्द घ्यावा का?

दुसऱ्या प्रतिसादकाचे उत्तर

मांजऱ्या आपल्या मातीचा शब्द आहे आणि मला तो प्रिय आहे, पण इथे घेऊ नये. आपल्या बेसॉल्टमधल्या पोकळ्यांत पाणी झिरपून झिओलाइटसारखी खनिजे भरली आहेत. वाघोलीच्या खाणींत सापडणारे निळे कॅव्हन्साइट अशाच पोकळ्यांतले. चंद्रावरच्या त्या दगडातली भोके कोट्यवधी वर्षे रिकामीच आहेत. आपले भूजल खाते मांजऱ्याला 'सुषिर' हाही शब्द वापरते, आणि बासरी-सनई या सुषिर वाद्यांमुळे त्यातला पोकळपणा वाचकाला लगेच कळतो. 'सुषिर बेसॉल्ट' लिहावे.