पथ्याच्या खिचडीला 'मसालेदार' म्हणावे का?

विश्रामबागकर :
सांगलीत तयार होत असलेल्या एका आरोग्यविषयक पुस्तिकेचे इंग्रजीतून मराठी करण्याचे काम सध्या माझ्याकडे आहे. तिच्यात एक पाककृती आहे. जुना तांदूळ आणि मुगाची डाळ सारख्या मापाने घ्यायची, तुपात जिरे, हिंग, आले, हळद, धनेपूड आणि चार मिरे परतायचे, भरपूर पाणी घालून सगळे एकजीव होईपर्यंत शिजवायचे आणि आजारातून उठलेल्या किंवा दमून आलेल्या माणसाला गरम गरम वाढायचे. मूळ शीर्षकाचा शब्दशः अर्थ 'जिवाला दिलासा देणारे, मसाले घातलेले तांदूळ आणि लेंटिल' असा होतो. माझ्याआधी हे काम करणाऱ्यांनी त्याचे 'दिलासादायक मसालेदार मसूरभात' असे करून ठेवले होते. 'लेंटिल'चा कोशातला पहिला अर्थ मसूर हाच असल्यामुळे चूक कुठून आली ते कळते, परंतु कृती मुगाची आणि नाव मसुराचे, हे छापायला जाऊ देणे मला शक्य नाही. मी सरळ 'मुगाची खिचडी' असे लिहिले. संपादकांनी ते खोडून 'खिचडी म्हटल्यावर साबुदाणा डोळ्यांसमोर येतो आणि यात आयुर्वेद कुठेच दिसत नाही' असा शेरा मारला. या पदार्थाला पथ्याचा अर्थ सुचवणारा एखादा चालता मराठी शब्द आहे काय, आणि 'मसालेदार' न म्हणता यातले जिरे-मिरे कसे सांगावेत, एवढेच मला विचारायचे आहे.

सातारकर :
तुमच्या संपादकांची भीती अगदीच अस्थानी नाही. आमच्या आत्याला पोट बिघडल्यावर साताऱ्यातल्या एका वैद्यांनी तीन दिवस फक्त खिचडी खायला सांगितली होती. तिने त्याच रात्री साबुदाणा भिजत घातला आणि दाण्याचे कूट, हिरवी मिरची व बटाटा घालून तीन दिवस निष्ठेने ती खाल्ली. चौथ्या दिवशी वैद्यांनी डाळ कोणती वापरली असे विचारले, तेव्हा तिने 'खिचडीत डाळ कशाला घालतात?' असा उलट प्रश्न केला. आमच्या घरात नुसती 'खिचडी' म्हणजे उपासाची, आणि तुम्ही म्हणता तिला 'डाळतांदळाची खिचडी' असे पुरे नाव घ्यावे लागते. माझ्या मते तुम्ही 'गुरगुट्या भात' असे लिहावे. शिजताना पातेल्यातून जो गुरगुर आवाज येतो त्यावरूनच तो शब्द आला आहे, आणि तो कानावर पडला की आजारपणात डोक्यावरून फिरणारा हात आठवतो. 'दिलासा' वेगळा लिहिण्याची गरजच उरत नाही.

माणदेशी :
गुरगुट्या भातात डाळ नसते. तो नुसत्या तांदळाचा असतो आणि त्यावर तूप-मेतकूट घेतात, तेही ज्यांच्या घरी मेतकूट असते त्यांनीच. शिवाय गुरगुर आवाजाची उपपत्ती मला पटत नाही. आमच्या भागात पालेभाज्या आणि डाळ घोटून केलेल्या कालवणाला 'गरगट्टा' म्हणतात, आणि 'गरगट' म्हणजे शिजून लगदा झालेले. गुरगुट हे त्याचेच भावंड असावे.

दुसरी गोष्ट अशी की ही सगळी चर्चा भात रोज खाणाऱ्या घरांची चालली आहे. माण तालुक्यात माझ्या लहानपणी तांदूळ सणाला, पाहुण्याला किंवा आजाऱ्याला शिजत असे. आमची खिचडी बाजरीची आणि तिचे नाव 'खिचडा'. बाजरीला पाण्याचा हबका मारून ती उखळात कांडायची, सुपात पाखडून कोंडा काढायचा, पुन्हा कांडायची, पुन्हा पाखडायची, आणि मग मुगाची डाळ घालून मंद आचेवर ठेवायची. कांडणारीचे हात दुसऱ्या दिवशीही दुखत. त्यामुळे 'हलके, सोपे अन्न' हे खिचडीचे वर्णन वाचले की ते कांडण कोणी केले, असा प्रश्न माझ्या मनात येतो.

पथ्यापथ्य :
मूळ प्रश्नाकडे येतो. या पदार्थाला संस्कृतात 'कृशरा' (किंवा 'कृसरा') असे नाव आहे. सोळाव्या शतकातल्या भावमिश्रांच्या 'भावप्रकाश' या आयुर्वेदाच्या ग्रंथात डाळ-तांदूळ एकत्र करून मीठ, आले आणि हिंग घालून पाण्यात शिजवलेल्या अन्नाला कृशरा म्हटले आहे, म्हणजे तुमची कृती जवळजवळ तशीच्या तशी तेथे आहे. पण पुढची ओळ लोक वाचत नाहीत. तेथे कृशरा बल देणारी आहे खरी, परंतु पचायला जड आणि पित्त व कफ वाढवणारी आहे, असे स्पष्ट सांगितले आहे. आजाऱ्याच्या हलक्या अन्नाला 'आयुर्वेदिक खिचडी' असे नाव देऊन आपण नेमका ज्या पदार्थाला ग्रंथाने जड ठरवले त्याचेच नाव मिरवतो आहोत.

वमन-विरेचनानंतर, म्हणजे ओकारी आणि जुलाब देऊन शरीर साफ केल्यावर, पायरीपायरीने जे अन्न देतात त्यात मंड (शिते नसलेली निवळ), पेया (पातळ पेज), विलेपी (दाट पेज) हे शब्द येतात. जुने वैद्यकग्रंथकार शार्ङ्गधर यांनी पाण्याची मापेही दिली आहेत. मंडाला १४ पट, यवागूला (दाटसर कांजीला) ६ पट आणि विलेपीला ४ पट. इतकी नेमकी परिभाषा तयार असताना 'खिचडी' हा ढोबळ शब्द कशासाठी वापरायचा? मी 'मुद्गयवागू', म्हणजे मुगाची यवागू, सुचवतो. आधीच आरोग्यविषयक लेखनातल्या मराठीची खिचडी झालेली आहे.

गणपतीपेठ :
आमचे कडधान्याचे आणि किराण्याचे दुकान आहे. 'मुद्गयवागू' असे छापलेत तर वाचक ती आमच्याकडे न मागता औषधाच्या दुकानात मागेल. आणि भाषेची खिचडी झाल्याची तक्रार करताना आपण स्वतः 'खिचडी' याच शब्दाचा आधार घेतलात, याची नम्रपणे नोंद घेतो.

'मसालेदार'विषयी मात्र मला थोडे सांगता येईल. गिऱ्हाईक 'मसाला द्या' म्हणते तेव्हा त्याच्या मनात लवंग, दालचिनी, दगडफूल, तमालपत्र, फार तर धने असतात. नुसते जिरे आणि हिंग न्यायला आलेले माणूस 'फोडणीचे सामान' म्हणते. हळद तर सांगलीत मसाल्यात कोणी धरतच नाही. हळदीचे सौदे वेगळे, तिची भाषा वेगळी. हरिपूरच्या जमिनीखालच्या पेवांत ती वर्षानुवर्षे साठवली जात असे, आणि २००५ च्या महापुरात त्या पेवांचे फार नुकसान झाले. त्या पेवांतल्या मालाला आमच्या आजोबांनी 'मसाला' म्हटलेले मला तरी आठवत नाही. तेव्हा 'जिरे-आल्याच्या फोडणीची' एवढे म्हटले की पुरे होते. 'मसालेदार' वाचून लोक कांदा-लसूण मसाल्याचा चमचा उचलतील, आणि आपल्या भागात तो चमचा लहान नसतो.

वाईकर :
गणपतीपेठ यांच्याशी सहमत आहे. एक भर घालतो. 'मसाला' हा शब्द अरबी 'मसालिह' या अनेकवचनावरून फारसीमार्गे आला. त्याचे एकवचन 'मसलहत', आणि त्यावरून आपली 'मसलत' आली. हिताची गोष्ट, कामाला लागणारे साहित्य, असा मूळ अर्थ असल्यामुळे मसाला आणि मसलत ही एका घरची लेकरे आहेत. अर्थात व्युत्पत्तीत हित असले म्हणून आजच्या 'मसालेदार'चा तिखटपणा कमी होत नाही.

पथ्यापथ्य यांना एक विचारायचे आहे. आपण भावप्रकाशातला जडपणा सांगितलात, पण तेथे डाळ कोणती ते त्या ओळीत नाही. शार्ङ्गधर तर कृशरेला मूग, उडीद किंवा तीळ यांपैकी काहीही चालेल असे म्हणतो, आणि घट्ट शिजलेल्या यवागूलाच कृशरा म्हणतो. उडदाची जड होईल, मुगाची होणार नाही. शमीधान्यांत, म्हणजे कडधान्यांत, मूग श्रेष्ठ, हे चरकाचे मत आपल्याला माहीत आहेच. मग दोष नावाचा की डाळीचा?

पथ्यापथ्य :
डाळीचा भाग मान्य आहे, आणि जुना तांदूळ नव्यापेक्षा हलका असतो हेही मीच सांगायला हवे होते. नावाचा आग्रह मात्र मी सोडत नाही. 'पथ्याची खिचडी' असा तोडगा कोणी सुचवण्याआधी एक लक्षात घ्यावे. संस्कृतात पथ्य म्हणजे जे खाणे हितकर ते. मराठीत 'मला तेलाचे पथ्य आहे' याचा अर्थ तेल वर्ज्य आहे असा होतो. म्हणजे 'पथ्याची खिचडी' खायची आणि 'खिचडीचे पथ्य' असेल तर तिला हात लावायचा नाही. एका प्रत्ययात रोग्याचे जेवण जाते.

सातारकर :
'कृशरा' शब्द निघालाच आहे तर खिचडीची व्युत्पत्ती त्यातूनच लागते असे मी मानतो. कृसर, किसर, खिसर, खिचर, खिचडी अशी ती साखळी आहे. चौदाव्या शतकात इब्न बतूता या अरबीत लिहिणाऱ्या प्रवाशाने मूग आणि तांदूळ एकत्र शिजवून तुपाबरोबर खाण्याच्या पदार्थाला 'किश्री' म्हटले आहे, आणि लोक रोज सकाळी त्याची न्याहारी करतात असे लिहिले आहे. साखळीतला मधला दुवाच त्यात सापडतो.

वाईकर :
सापडत नाही. अरबी लिपीत 'च' नाही. जवळचे अक्षर म्हणून तो 'श' लिहिणार, हे उघड आहे. त्याने 'खिचडी'च ऐकली असेल तरी कागदावर 'किश्री'च उमटली असती, म्हणून ती साक्ष कोणत्याच बाजूने धरता येत नाही. कृपा-किवा, हृदय-हिअअ याप्रमाणे 'कृसरा'चे प्राकृतात 'किसरा' होते येथपर्यंत तुमची साखळी बरोबर आहे. पुढे 'क'चा 'ख' आणि 'स'चा 'च' कोणत्या नियमाने झाला, ते दाखवावे. मला तरी 'खिच्च' हा संस्कृतातून न आलेला स्वतंत्र देशी शब्द अधिक संभवनीय वाटतो. जाता जाता सांगतो, पंधराव्या शतकात अफनासी निकितिन या रशियन व्यापाऱ्याने आपल्या जुन्नर भागात पावसाळा काढला, तेव्हा येथे घोड्यांना साखर आणि तेल घालून शिजवलेली खिचडी खाऊ घालतात असे त्याने नोंदवले आहे. पथ्याचे अन्न म्हणून नव्हे, एवढे नक्की.

सातारकर :
नियम दाखवता येत नाही म्हणून नाते नाही असे होत नाही. कृसरेत मुळात तीळ आणि तांदूळ होते. आपल्याकडे भोगीला काय करतात? तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मुगाच्या डाळीची खिचडी. दोन्ही एका ताटात आहेत. ध्वनिनियमांपेक्षा मी ताटावर जास्त विश्वास ठेवतो.

मिरजेची सून :
ताटावर विश्वास ठेवण्याआधी माझा अनुभव ऐकावा. माझे माहेर म्हैसूरकडचे. आमच्याकडे तांदूळ आणि मूगडाळ मऊ शिजवून त्यात मिरे, जिरे आणि ओले खोबरे घालतात, त्याला 'हुग्गी' म्हणतात. लग्नानंतर पहिल्याच थंडीत सासूबाईंना ताप आला होता. मी त्यांना म्हटले, 'आई, तुमच्यासाठी हुग्गी करते.' त्यांनी तापातसुद्धा उठून बसून गूळ, दूध आणि खपली गहू कोणत्या डब्यात आहे ते सांगितले. मिरजेत हुग्गी म्हणजे खपलीची खीर. मी वाढलेल्या ताटलीत मिरे पाहून त्या काही बोलल्या नाहीत, पण दोन घासांनंतर 'ही तर खिचडी आहे, आणि बरी आहे' असे म्हणाल्या. एकच शब्द दोनशे-तीनशे कोसांवर गोडाचा होतो, तेव्हा ताटावरून व्युत्पत्ती कशी लावणार?

विश्रामबागकर :
सर्वांचे आभार. काल रात्री मी ही कृती स्वतः करून पाहिली. कुकर न वापरता जाड बुडाच्या पातेल्यात केली आणि सहा पट पाणी घातले. पहिली पंधरा मिनिटे डाळ तळाशी, तांदूळ मध्ये आणि हळदीचे पाणी वर, असे तिन्ही वेगवेगळे दिसत होते. साधारण चाळिसाव्या मिनिटाला डाळीचा दाणा दिसेनासा झाला आणि पळी उचलली की तिच्यावरून ते मिश्रण तुटक न पडता सलग ओघळू लागले. शार्ङ्गधराची यवागू ती हीच असेल तर तिला मराठीत 'आसट' म्हणता येईल असे तेव्हा वाटले. 'आसट खिचडी, जिरे-आल्याच्या फोडणीची' हे शीर्षक सध्या मी लिहून ठेवले आहे. 'दिलासा' गाळला, कारण मराठीत अन्नाला तो शब्द लावलेला मी कधी ऐकला नाही. आपण 'पोटाला बरे वाटले' म्हणतो आणि थांबतो. संपादकांना गुरुवारपर्यंत उत्तर द्यायचे आहे. 'आसट' सांगलीबाहेर समजेल काय, तेवढे कृपया कळवावे.

सातारकर :
साताऱ्यात समजेल, पण ज्येष्ठांनाच. आमच्याकडे 'आटवल' असाही शब्द होता. तो आटवण्यावरून आला की आणखी कशावरून, हे वाईकरांनी सांगावे.

पथ्यापथ्य :
सहा पट पाण्यात चाळीस मिनिटांत आटते, याचा अर्थ आच मोठी होती.

माणदेशी :
आटवलीचे मला माहीत नाही, परंतु मिरजेच्या ताईंना एक विचारतो. तुमच्या सासूबाई खपलीची खीर करण्याआधी गहू कांडून घेत असत की विकतचे सडलेले, म्हणजे कोंडा काढलेले, आणत असत? आमच्याकडे खिचड्याची बाजरी आणि खिरीचे गहू एकाच उखळात सडले जात, आणि माझ्या आजीचे म्हणणे असे की उखळ आधी गव्हाने 'गोड' करून मगच त्यात बाजरी घालावी. असे का करावे ते तिने कधी सांगितले नाही.