दोन ट्रॉल्या आणि फरशीवरून पाणी : किती खोलीपर्यंत काढता येतं?

केज_५०एचपी

राम राम मंडळी. दिवाळी झाली की केजहून ऊसतोडीची टोळी घेऊन सांगलीकडं निघायचंय. ट्रॅक्टर ५० एचपीचा, मागचे टायर १४.९-२८. मागं दोन चारचाकी ट्रॉल्या, टायर ९.००-१६, ब्रेक दोन्हींना नाही. दहा कोयते (एक कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी), म्हणजे लेकरं धरून ३० माणसं. वर पालाचे बांबू, ताडपत्र्या, भांडीकुंडी, ज्वारीची पोती अन थोडा कडबा.

रस्ता केज–कळंब–येरमाळा–बार्शी–कुर्डुवाडी–पंढरपूर. मांजरा, सीनेवरचे मोठे पूल उंच आहेत, त्याची चिंता नाही. पण परतीचा पाऊस लागला अन मधल्या रस्त्यानं वळवावं लागलं, तर फरशी (ओढ्यातला बुटका सपाट पूल) नाहीतर नळकांडी पूल (खालून सिमेंटचे पाइप टाकलेला) लागणारच. विचारायचंय एवढंच :

फरशीवरून पाणी असताना दोन्ही ट्रॉल्या जोडून किती खोलीपर्यंत काढाव्या? भरलेली ट्रॉली बरी का रिकामी? अन पाण्यातून काढल्यावर हबाचं (चाकाच्या मधल्या बेअरिंगच्या डब्याचं) काय करायचं?

बिनधास्त_बालाघाट

भाऊ, मागचं चाक साडेचार फुटाचं आहे. सायलेन्सर वर, एअर क्लीनर वर. कारसारखं इंजिनात पाणी ओढत नाही. कमरेएवढ्या पाण्यातून आरामात निघतंय. पहिला गेअर टाका, मधी थांबू नका, क्लच दाबू नका. रोवणीच्या चिखलात ट्रॅक्टर चालतोच की.

फिटर_येरमाळा

वरच्या भाऊंचा मधी न थांबण्याचा, क्लच न दाबण्याचा सल्ला बरोबर, बाकीचा धोक्याचा. रोवणीच्या खाचरातलं पाणी उभं असतं आणि मागं ट्रॉली नसते. इथं इंजिन बंद पडेल का हा प्रश्नच नाही. मागची ट्रॉली जागेवर राहील का, हा आहे.

आधी ट्रॅक्टरचं बघा. १४.९-२८ चा टायर निम्मा बुडाला की एकेक टायर दीडशे किलोच्या वर पाणी बाजूला सारतो. म्हणजे दोन्ही मिळून मागचं ३०० किलोच्या आसपास वजन पाणीच उचलून धरतं. चारचाकी ट्रॉलीचा भार हुकावर येत नाही, त्यामुळं ती भरलेली असली तरी ट्रॅक्टरच्या मागच्या चाकाला त्याचा काही उपयोग नाही. म्हणजे ओढायचं तेवढंच, अन पकड मात्र कमी. टायरमध्ये पाऊण भाग पाणी भरलेलं असेल तर ही तूट बरीच भरून निघते, कारण मग टायर तरंगायला बघत नाही. पाणी भरताना व्हॉल्व्ह वरच्या बाजूला ठेवून भरा, १५० लिटरच्या वरच लागतं.

आता ट्रॉली. दोन फूट पाणी, वेग सेकंदाला दोन मीटर धरला, तर एका ट्रॉलीच्या चाकांवर अन एक्सलवर आडवा दाब साधारण २५० किलोचा. वेग तीन मीटर झाला की तोच दाब साडेपाचशेवर जातो. वेग दुप्पट झाला तर दाब चौपट, हे डोक्यात पक्कं ठेवा. शेवाळलेल्या फरशीवर दोन टन वजनाच्या रिकाम्या ट्रॉलीची आडवी पकड पाचशे किलोच्या पलीकडं धरू नका. म्हणजे साट्याला (ट्रॉलीच्या वरच्या पेटीला) पाणी लागायच्या आधीच ट्रॉली सरकते. साट्याला लागलं तर विषयच संपला : ११ बाय साडेसहा फुटाचा साटा चार इंच बुडाला की साडेसहाशे किलो वर उचललं जातं. फाळक्याच्या (साट्याच्या उघडत्या बाजूच्या) फटीतून पाणी आत शिरून ती पुन्हा बसेल म्हणाल, तर तेवढा वेळ मिळत नाही.

अन सरकते ती मागची. मागच्या ट्रॉलीला धरून ठेवणारी एकच पिन. तिचं बूड खालच्या अंगाला गेलं की जोडाची दांडी वाकडी होते, दांडीबरोबर टर्नटेबल (पुढचा एक्सल वळवणारी चकती) फिरतं, पुढची चाकं प्रवाहाच्या दिशेला वळतात, आणि आता ती पहिल्या ट्रॉलीची शेपटी ओढायला लागते. ड्रायव्हरला हे कळतं तेव्हा स्टेअरिंग हलकं झालेलं असतं.

म्हणून खोली ट्रॅक्टरच्या चाकावर मोजू नका, शेवटच्या ट्रॉलीच्या चाकावर मोजा. माझा हिशोब असा :

वाहतं पाणी ट्रॉलीच्या रिमच्या खालच्या कडेपर्यंत, म्हणजे ९ इंच. त्याच्यावर नाही. त्यातही फरशीच्या दोन्ही कडांचे दगड दिसत असले पाहिजेत. उभं पाणी हबाच्या खालपर्यंत, म्हणजे सव्वा फूट. बस.

भरलेली का रिकामी? भरलेली जागेवर जास्त टिकते, पण एकदा चाक कडेवरून उतरलं की तुमच्या ट्रॅक्टरनं निघत नाही. रिकामी लवकर वाहते. कडब्यानं भरलेली सगळ्यात वाईट : वजन नाही, अन भिजून एका अंगाला कलते. पोती खाली, कडबा वर, अन तोही घट्ट बांधलेला.

पाटबंधारे_निवृत्त

फिटरबुवांनी यंत्राचं सांगितलं, मी पाण्याचं अन फरशीचं सांगतो.

वेग मोजायला काही लागत नाही. काठावर दहा मीटर अंतर पावलांनी मोजा (साधारण १४ पावलं), वरच्या टोकाला धाटाचा तुकडा टाका, सेकंद मोजा. दहा सेकंदांच्या वर लागले तर प्रवाह संथ. पाच सेकंद म्हणजे दोन मीटरचा वेग, तिथं दोन ट्रॉल्यांचं काम नाही.

दुसरं : पाण्याच्या कडेला खुंटी ठोका आणि अर्धा तास बघा. ओढा असेल तर पाऊस थांबल्यावर तीन-चार तासांत उतरतो, म्हणून थांबणं फार महाग पडत नाही. नदीचं तसं नाही. तुमच्या डोक्यावर ऊन असेल आणि पाणी चढत असेल, तर वर धरणातून विसर्ग वाढवलेला आहे असं समजा. सीनेच्या बाबतीत सीना-कोळेगाव धरणाचे दरवाजे किती उघडलेत हे आधी विचारून घ्या. विसर्ग क्युसेकमध्ये सांगतात, एक क्युसेक म्हणजे सेकंदाला २८ लिटर. पण आकड्यापेक्षा तो वाढतोय का घटतोय हे विचारा. जिल्ह्याच्या आपत्ती नियंत्रण कक्षाचा नंबर १०७७ आहे.

आता नळकांडी पूल. पुरात नळकांड्यांच्या तोंडाशी वेड्या बाभळीच्या फांद्या, लव्हाळं, उसाचं पाचट अडकतं. पाणी खालून जाण्याऐवजी वरून जायला लागतं. वरच्या अंगाला पाणी तुंबलेलं दिसतं, खालच्या अंगाला ते धबधब्यासारखं पडतं. जिथं पडतं तिथं काँक्रीटच्या खालचा मुरूम पोखरला जातो. त्यामुळं खालच्या बाजूची कड वरून शाबूत दिसते आणि आतून पोकळ असते. ट्रॉलीचं चाक नेमकं त्याच कडेला येतं, कारण पाणी तिला तिकडंच ढकलत असतं.

काळ्या मातीच्या भरावाचंही तेच. फरशी जिथं संपते आणि जोडरस्ता सुरू होतो तो सांधा आधी खचतो. पाणी उतरल्यावर लगेच गाडी घालू नका. बांबूनं किंवा पहारेनं ठोकून बघा, पोकळ आवाज आला किंवा पहार सहज आत गेली तर परत फिरा. वरून पाणी वाहत असताना चालत जाऊन तपासण्याची हौस नको, जोराचं पाणी अर्ध्या फुटालाही माणसाला पाडतं.

केज_५०एचपी

सगळ्यांचे आभार. मागची ट्रॉली आधी जाते हे कधी डोक्यातच आलं नव्हतं. मग अजून दोन शंका. काठावर ट्रॉल्या सोडून एकेक नेली तर? अन ट्रॅक्टर अन ट्रॉलीमध्ये सेफ्टी चेन ठेवायची का? काही मालक म्हणतात पाण्यात चेन नको, ट्रॉली गेली तर ट्रॅक्टर तरी वाचेल.

बिनधास्त_बालाघाट

चेन काढलेलीच बरी. वाहायला लागली तर पिन उपसायची अन सोडून द्यायची.

फिटर_येरमाळा

भाऊ, ताणाखालची पिन हातानं निघत नाही. सुक्या चढावरसुद्धा ट्रॉली ओढून धरलेली असताना निघत नाही, तिथं पाण्यात वाकून कोण काढणार? असला भरवसा धरून पाण्यात जायचं कारण नाही. चेन रस्त्यासाठी आहे, ती दोन्ही जोडांवर कायम ठेवा, पिनेला खालून आर-पिन (पिन निसटू न देणारी तारेची कडी) घाला. पाण्यात चेनची भीती वाटण्याइतकं पाणी असेल तर तो चेनचा प्रश्न नाही, थांबण्याचा आहे.

एकेक नेणं हे दोन जोडून नेण्यापेक्षा नक्की बरं. पण त्यात ट्रॅक्टरच्या तीन फेऱ्या होतात, आणि तेवढ्या वेळात पाणी चढू शकतं. खुंटी उतरती दाखवत असेल तरच. सोडलेल्या ट्रॉलीच्या चारही चाकांना दोन्ही बाजूंनी दगड, कारण फरशीकडं उतार असतो.

माणसांचं मात्र घासाघीस न करता : ट्रॉलीत कोणी बसायचं नाही. एक ड्रायव्हर, बस. पाणी इतकं असेल की बायामाणसं, लेकरं काठाकाठानं सुखरूप चालत जाऊ शकत नाहीत, तर ट्रॉलीही जाऊ शकत नाही. मुकादमाला कारखान्याची घाई असते. पण मालवाहू ट्रॉलीत माणसं बसवलेली असली तर विम्याचं भांडण वेगळं उभं राहतं, हेही त्याला सांगा.

उतरण्याआधीची तयारी. दोन्ही ब्रेकचे पेडल कडीनं एकत्र करा. क्लच हाऊसिंगच्या बुडाला भोक असतं, त्यात स्प्लिट पिन लोंबत असते, तेल गळलं तर बाहेर यावं म्हणून. त्यातून पाणी आत जातं आणि क्लच प्लेट ओली होते, मग चढावर क्लच घसरतो. रोवणीच्या वेळी तिथं बसवायचा प्लग मिळतो, तो लावा अन पलीकडं गेल्यावर आठवणीनं काढा. नाही काढला तर आतलं तेल तिथंच साचतं आणि प्लेटच खराब होते. लो दुसरा गेअर, इंजिन १५०० आरपीएमच्या आसपास, एकसारखं. डिफरन्शियल लॉक (मागची दोन्ही चाकं एकत्र फिरवणारं) फक्त सरळ असताना आणि चाक फिरायला लागलं तरच. वळणाआधी सोडा. पलीकडं चढ असेल तर तो पूर्ण मोकळा आहे ना बघूनच उतरा. समोरच्या गाडीनं अडवलं तर बिनब्रेकाच्या दोन ट्रॉल्या तुम्हाला मागं पाण्यात ओढतात.

चढ संपल्यावर, ब्रेक सुक्या प्रकारचे (तेलात नसलेले) असतील तर हलके दाबून शे-दोनशे मीटर चालवा म्हणजे कोरडे होतात. तेलातले ब्रेक असतील तर त्याची गरज नाही, पण मागच्या हाऊसिंगच्या तेलाची काडी बघा. तेल दुधाळ दिसलं तर पाणी गेलंय, ते बदलायलाच लागतं.

आता हब. हब गरम असताना थंड पाण्यात गेला की आतली हवा आकसते आणि सीलजवळून पाणी आत ओढून घेते. म्हणजे पाणी बाहेरून जोरानं शिरत नाही, हबच ते पितो. २०–३० किलोमीटर चालून आलेली ट्रॉली थेट पाण्यात घालू नका. अर्धा तास थांबा, हाताला हब कोमट लागू द्या. खुंटीचा अर्धा तास तसाही थांबायचाच आहे.

पाणी हबाला लागलं असेल तर पंढरपूरच्या आत एक हब उघडा, शक्यतो मागच्या ट्रॉलीचा खालच्या अंगाचा. ग्रीस चहासारखं झालं असेल तर आठही उघडायचे. बेअरिंग डिझेलमध्ये धुवा, वाळवा. रोलर किंवा कप यांच्यावर काळे ठिपके किंवा खड्डे असतील तर बदला, पुसून काही होत नाही. ठिपके पडलेलं बेअरिंग रिकाम्या ट्रॉलीला महिनाभर चालतं, उसाचा भार पडला की चार दिवसांत जाम होतं. सील नवीन टाका, जुनं परत बसवू नका. ग्रीस लिथियमचं, ईपी-२, तळहातावर घेऊन बेअरिंगच्या जाड बाजूनं दाबत रोलरच्या फटीतून वर येईपर्यंत. हबाचा डबा ठासून भरू नका, निम्मा पुरतो. नट चाक फिरवत घट्ट करा, मग पाव आटा सैल, अन नवी स्प्लिट पिन. टर्नटेबल आणि स्प्रिंगच्या पाट्यांच्या पिनांना ग्रीस गनचे चार-चार झटके, आतलं पाणी बाहेर येईपर्यंत.

बरोबर ठेवा : दोन सील, एक बेअरिंगचा जोड, दोन किलो ग्रीस, स्प्लिट पिना, हुकाची एक जादा पिन, चार लाकडी ओंडके.

पाटबंधारे_निवृत्त

एक राहिलं. चाक कडेवरून उतरलंच तर दुसऱ्या ट्रॅक्टरनं ओढताना दोर कुठं बांधतात, तिथं लोक चुकतात. ओढणाऱ्या ट्रॅक्टरला दोर खालच्या ड्रॉबारलाच बांधायचा. वरच्या टॉप लिंकच्या जागी किंवा एक्सलवरून घेतला तर पुढची चाकं उचलून ट्रॅक्टर ड्रायव्हरच्या अंगावर उलटतो. तारेचा दोर असेल तर त्यावर मधोमध भिजलेलं पोतं टाका, तुटला तर चाबकासारखा उडत नाही. दोराच्या दुप्पट अंतरात कोणी उभं राहायचं नाही. आणि आधी अडकलेली ट्रॉली आली त्याच दिशेनं, मागं ओढून बघा. पुढं ओढली तर ती आणखी कडेला जाते.

केज_५०एचपी

प्लग अन सील उद्याच बघतो. येरमाळ्याहून बार्शीला निघायच्या आधी सीना-कोळेगावचं विचारून घेईन. पाणी असलं तर बार्शीतच मुक्काम, टोळीला आत्ताच सांगून ठेवतो म्हणजे तिथं गेल्यावर कुरकुर नको.