दोनदा जेवा आणि अजिंक्यतारा चढा: सगळ्यांना एकच माप?

गोडोलीकर_ताई: कालच्या पोस्टला तिथे दोन ओळींत उत्तर देणं शक्य नव्हतं, म्हणून वेगळा धागा. "दिवसातून दोनदाच जेवा, पहाटे अजिंक्यतारा चढा, शुगर आपोआप पळते; जमत नाही म्हणणारे आळशी." साताऱ्याचा गड चढायला सांगणारी ही पोस्ट फिरत फिरत माझ्या आईच्या व्हॉट्सॲपवर आली. आई ग्लिमेपिराइड ही शुगरची गोळी घेते. तिने गोळी घेतली आणि नाश्ता सोडला. अकराच्या सुमारास हात थरथरायला लागले, कपाळावर दरदरून घाम, बोलणं अडखळायला लागलं. ग्लुकोमीटरवर ५८, म्हणजे साखर फारच खाली. साखरपाणी पाजलं म्हणून निभावलं. ही गोळी पोटात अन्न असो वा नसो, इन्सुलिन सोडायला लावतेच. डॉक्टरांकडून डोस बदलून घेतल्याशिवाय जेवणाच्या वेळांशी खेळू नका, एवढं एक वाक्य लिहायला काय होत होतं?

गडवाट: पोस्ट माझीच. आईंचं वाचून वाईट वाटलं. पण मी दीक्षित सरांची दोनदाच जेवायची पद्धत डॉक्टरांना विचारूनच धरली, आणि एचबीए१सी (तीन महिन्यांची सरासरी साखर) ८.१ वरून ६.४ वर आलं. दर दोन तासांनी खा म्हणणाऱ्यांच्या नादाने माझं पोट सुटलं होतं. जे फळलं ते सांगायचंच नाही का?

माणदेशी: सांगा की! पण आळशी कुणाला म्हणता? आमच्याकडं बाया पहाटे बाजरीची भाकरी खाऊन रानात जातात, दुपारी परत भाकरी, रात्री परत. त्यांना दोन जेवणं सांगा बघू. हीच भाकरी सोडून ओट्स खायला सांगणारेही तुमच्यातलेच.

यवतेश्वर_रनर: जेवणाचं चालू द्या. साठीतल्या माणसाला रोज गड चढायला सांगता, त्यांच्या गुडघ्यांचं काय? चढताना दम लागतो, पण गुडघा खरा भरतो तो उतरताना. २०१२ ला साताऱ्यात हिल हाफ मॅरेथॉन (घाटातली २१ किमीची शर्यत) सुरू झाल्यापासून गावात जो तो घाटात पळतोय. मांडीत ताकद नाही आणि थेट उतारावर धावायचं.

गडवाट: पळणाऱ्यांनी गुडघ्यावर बोलावं म्हणजे कमाल आहे. माझ्या मेहुण्याचा गुडघा पळूनच गेला.

यवतेश्वर_रनर: पळून, की वजन न उतरवता आणि सराव न करता एकदम २१ किमी पळून? नीट सांगा. मला फिजिओने आधी खुर्चीतून हात न टेकता उठबस करायला लावली, भिंतीला पाठ लावून बसायला लावलं. तेव्हा कुठे घाट.

माणदेशी: आमची आजी जात्यावर दळायची, तिला कुठला फिजिओ?

यवतेश्वर_रनर: आजीचं दळणं हाच व्यायाम होता, आजी. आपण खुर्चीत बसून तिची उदाहरणं देतो.

माणदेशी: आजी कुणाला म्हणता? वय चाळीस माझं. पण मुद्दा बरोबर आहे, मान्य.

गोडोलीकर_ताई: गुडघ्यांचं झालं असेल तर मूळ मुद्दा. जेवणानंतर पंधरा मिनिटं सपाटीवर चाललं तरी आईची साखर कमी चढते, हे आम्ही मीटरवर बघितलंय. तिला गड नको, दोन जेवणंही नकोत. तुमच्या शरीराला ते मानवलं, छान. तपासून ठरवा, एवढंच लिहा.

गडवाट: गोळ्यांची ओळ पोस्टमध्ये घातली आहे, वर ठळक. 'आळशी'ही काढला. दोन जेवणांचं मात्र एक अक्षर बदलणार नाही.

यवतेश्वर_रनर: आणि उताराचं?

गडवाट: उतरताना काठी घ्या, असं लिहितो. त्याहून जास्त नाही.