तारखेचा 'साचा' म्हणावा की 'प्रारूप'?

आकडेवाली: आकडेवारीसाठी वापरतात त्या 'आर' या प्रोग्रामिंग भाषेवर मराठीत टिपणं लिहितेय. तारीख कशी लिहिली आहे हे तिला सांगावं लागतं, त्या 'फॉरमॅट'ला काय म्हणू? 'प्रारूप' म्हटलं की मला प्रारूप मतदार यादीच आठवते, म्हणजे अजून पक्की न झालेली!

पाटीपेन्सिल: 'साचा' घ्या. मोदकाचा असतो तसा. सारण तेच; साचा बदलला की 05-03-2024 चं '5 मार्च 2024' होतं.

आकडेवाली: छापताना चालेल हो, पण वाचताना? परवा एका सर्वेक्षणाच्या फायलीत 01/02/2023 होतं, म्हणजे आपली 1 फेब्रुवारी. मी काहीच न सांगता 'अ‍ॅज डॉट डेट' या मजकुरातून तारीख वाचणाऱ्या फंक्शनला दिलं. वाटलं, ओरडेल. उत्तर आलं 0001-02-20. इसवी सन 1! न सांगितल्यास ती आधी वर्ष, मग महिना, मग दिवस असंच धरते. 01 झालं वर्ष, 02 महिना, 2023 मधले 20 दिवसाला गेले आणि उरलेले 23 तिने मुकाट टाकून दिले. इथे मी कुठे साच्यात काही ओततेय?

हिशोबनीस: ताई, 'साच्यात बसणं' म्हणतोच की आपण. वाचताना मजकूर साच्यात बसतो का ते बघायचं; नाही बसला तर हाती 'एनए', म्हणजे 'माहिती नाही'. वाचायचं फंक्शन वेगळं, छापायचं वेगळं, पण दिवस, महिना, वर्ष दाखवणाऱ्या %d, %m, %Y अशा टक्क्याच्या खुणा दोन्हीकडे त्याच. मग शब्दही एकच असू दे. त्यापेक्षा वर्षाकडे बघा. मोठा वाय (%Y) चार अंकी, छोटा वाय (%y) दोन अंकी. छोट्यात 00 ते 68 ही 2000 नंतरची आणि 69 ते 99 ही 1900 नंतरची धरली जातात. नोंदवहीत जन्म '12/6/52' असलेल्या आजी 2052 साली जन्मतात.

पाटीपेन्सिल: आणि छोटा एम महिना, मोठा एम मिनिट! देवनागरीत अक्षर छोटं-मोठं नसतं. तिथे 'म' कुणाला द्यायचा, महिन्याला की मिनिटाला?

आकडेवाली: आणि 'दिनांक' की 'तारीख'?

हिशोबनीस: 'दिनांक' अर्जाच्या कोपऱ्यात शोभतो. बोलताना तारीखच. लग्नाचा दिनांक ठरला असं कोण म्हणतं? 'तिथी' मात्र चुकूनही नको. शिवजयंती तारखेने 19 फेब्रुवारी, तिथीने फाल्गुन वद्य तृतीया. हा घोळ आपल्याला नवा नाही. तिथीचा क्षय होतो, वृद्धी होते. 'आर'मधली तारीख म्हणजे आतून 1 जानेवारी 1970 पासून मोजलेल्या दिवसांचा नुसता आकडा. त्या दिवशी शून्य, त्याआधी उणे.

आकडेवाली: म्हणजे आजी उण्यात! बरं, 'तारखेचा साचा' पक्का. एमला मात्र 'छोटा एम', 'मोठा एम' असंच लिहिते.