बर्नर पेटतो, तीन सेकंदांत लाल दिवा! रॉड बदलूनही तेच

लादीपाव:
कराडजवळ आमची छोटी बेकरी आहे. रोटरी ओव्हनला एलपीजीचा बर्नर. पंधरा दिवस झाले, पहाटे त्याची नाटकं चालू आहेत. ब्लोअर अर्धा मिनिट फिरतो, टकटक ठिणगी पडते, काचेतून निळी ज्योत चांगली दिसते आणि तीनेक सेकंदांत व्हॉल्व्ह खट्कन बंद. लाल दिवा. रिसेट दाबा, पुन्हा तेच. काल अख्ख्या ट्रॉलीचं पीठ फुगून खाली बसलं. मेकॅनिकने फ्लेम रॉड (ज्योत ओळखणारी सळई) बदलून दोन हजार नेले. दुपारी मात्र शहाण्यासारखा चालतो. थंडीने गॅसचं प्रेशर पडतं का?

बर्नरवाला:
ज्योत दिसते म्हणजे गॅस आणि ठिणगी ठीक. ती तुम्हाला दिसते, कंट्रोलरला दिसत नाही, एवढाच घोळ. रॉडला एसी व्होल्टेज असतं. ज्योतीतून करंट मुख्यतः एकाच दिशेने जातो, म्हणजे डीसी होतो, आणि बर्नरच्या बॉडीतून अर्थिंगवाटे परत येतो. तोही मायक्रोअँपिअरमध्ये. तो मिळाला तरच कंट्रोलर गॅस चालू ठेवतो. रॉडवर थर, त्याच्या चिनी मातीच्या आवरणाला तडा, अर्थिंग ढिलं, फेज-न्यूट्रल उलटे, काहीही झालं की बोंब. पहाटे लाईटवर चालवता की जनरेटरवर?

लादीपाव:
जनरेटरवर! लाईनचं काम चाललंय, पहाटे लाईट नसते. त्यासाठीच नवा घेतला.

खटपट्या:
सेन्सर बायपास करा. माझ्या भावाने केलाय.

बर्नरवाला:
भाऊ धडधाकट आहे हे त्याचं नशीब. ज्योत विझली तरी गॅस येतच राहणार. एलपीजी हवेपेक्षा जड, तळाशी साचतो. पुढच्या ठिणगीला ओव्हनचं दार समोरच्या भिंतीत.

लादीपाव, बर्नरच्या प्लगवर न्यूट्रल ते अर्थिंग मोजा. लाईटवर एक-दोन व्होल्ट यावेत. जनरेटरवर शंभराच्या आसपास आले, तर त्याचा न्यूट्रल अर्थिंगला जोडलेलाच नाही. करंटला परतीची वाटच नाही.

लादीपाव:
लाईटवर दीड, जनरेटरवर ११२! लाईट-जनरेटर बदलायचा चेंजओव्हर स्विच दोन्ही वायरी तोडतो, त्यामुळे लाईनचा न्यूट्रलही मिळत नाही. बर्नरच्या पिनमध्येच न्यूट्रल-अर्थिंग एक करू का?

बर्नरवाला:
अजिबात नको. लाईट आली की न्यूट्रलचा करंट अर्थिंगच्या वायरीतून आणि बर्नरच्या बॉडीतून फिरेल. जोडायचं ते जनरेटरपाशी, एकाच जागी, लायसन्सवाल्या वायरमनकडून, आणि जनरेटरला चांगलं अर्थिंग देऊन. मग रॉडच्या वायरीत सिरीजमध्ये मीटर लावून डीसी मायक्रोअँपिअर बघा. किमान किती हवेत ते कंट्रोलरच्या मॅन्युअलमध्ये असतं.

लादीपाव:
काल वायरमनने करून दिलं. आज पहाटे जनरेटरवर पेटला तो पेटलेलाच राहिला. मीटरवर ७, मॅन्युअलपेक्षा बरेच जास्त. जुना रॉड पुसून लावून पाहिला, त्यावरही ७. दोन हजारांचं काय ते आता मेकॅनिकशी बोलतो.